मैनेला मी शिकवलेली एक गोष्ट

आमच्या घरात माणसांपेक्षा घोड्यांशी नीट बोललं जायचं. मायला आप्पांना काही विचारायचं असलं तर ती चुलीकडे तोंड करून विचारायची, आणि आप्पा उत्तर द्यायचे ते दावणीकडे बघून. त्यातून ज्याला जे समजेल ते त्याचं. घोड्यासमोर मात्र आप्पा नीट उभे राहत, एका वेळी एकच गोष्ट सांगत, आणि सकाळी ज्या आवाजात सांगितली त्याच आवाजात संध्याकाळीही सांगत. लोक त्यांना चाबूकस्वार म्हणत, कारण तट्टं शिकवणाऱ्या माणसाला आमच्या भागात दुसरं नावच नव्हतं. खरं तर आमच्या घरी चाबूक असा एकच होता, आणि त्याने माय कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बांधायची.

गाव मांजरेच्या काठाला, औरादच्या बाजाराला पहाटे निघालं की ऊन चढायच्या आत पोचावं इतक्या अंतरावर. आमचे आजे-पणजे मेंढरांमागे हिंडणारे. त्यांची बिऱ्हाडं तट्टांच्या पाठीवर असायची, चूल-भांडी, कोंबड्या, लेकरं सगळी. आप्पांच्या वेळेपर्यंत मेंढरं गेली, थोडं काळं रान आलं आणि तट्टांची विद्या तेवढी मागे राहिली. माळेगावच्या जत्रेतून आप्पा शिंगरं आणत, वर्ष-दीड वर्ष शिकवत आणि मग ती कुणा पाटलाकडे, कुणा वैद्याकडे जात. घोडी गेली की घर दोन दिवस मुकं वाटायचं. एरवी पहाटेपासून खराऱ्याची खरखर, भिजवलेले हुलगे चावल्याचा आवाज, मधूनच फुरफुरणं. त्याच पोत्यातले हुलगे भाजून-दळून माय माडगं करायची. थंडीच्या सकाळी गुळाचा खडा टाकून ते आम्ही प्यायचो आणि भिंतीपलीकडे घोडी तेच खायची. मी लहानपणी मायला विचारलं होतं, आपण घोड्यांचं खातो की घोडी आपलं खातात? माय म्हणाली, "गप पी. ज्याचं काम जास्त त्याचं पोतं."

आप्पांची शिकवण इतरांपेक्षा वेगळी होती, आणि ती इथे सांगितली नाही तर पुढचं काही कळणार नाही. बाकीचे लोक घोडं पळवायला टाच मारतात. आप्पांच्या घोड्यांना टाच ठाऊकच नव्हती. मेंढरांमागच्या माणसाचे पाय बोचक्यांमध्ये अडकलेले, पोटरीला भांडी लागलेली; ते पाय घोड्याच्या कुशीला सारखे आपटणारच. म्हणून आमच्याकडे पायाचा काही अर्थच ठेवलेला नव्हता. चालायचं ते तोंडानं सांगितल्यावर, वळायचं ते अंग झुकवल्यावर, आणि लगाम पूर्ण सैल सोडला की जागच्या जागी थांबायचं, कारण कोकरू उचलायला मेंढक्याला दोन्ही हात मोकळे लागतात. त्यामुळे आप्पांच्या घोड्यावर कुणीही भित्र्या माणसाने बसावं, भीतीने पायांची मिठी मारावी, घोडं आपलं शांत. याच एका गोष्टीसाठी लोक लांबून यायचे.

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून त्या घोड्यांवर बसत होते. बसायचं नाही असं कुणी म्हणालं नाही, बस असंही कुणी म्हणालं नाही. पण मला तेरावं सरलं, अंगावर लुगडं आलं, उदगीरकडच्या एका स्थळाचं बोलणं सुरू झालं, आणि एका सकाळी मी घोडीच्या तोंडावरच्या दोरीला, मोहरकीला, हात घातला तशी माय चुलीकडे बघत म्हणाली, "आता पुरं झालं त्ये." आप्पा दावणीकडे बघत राहिले. एवढ्यावर संपलं. गंमत अशी की लुगड्याचा काष्टा घोड्यावर बसायला परकराहून कितीतरी सोयीचा असतो. ज्या वस्त्राने मला घोड्यावरून उतरवलं, त्यातच मी सगळ्यात छान बसू शकले असते. पण हे मी सांगणार कुणाला?

म्हणून मी सांगितलंच नाही. दुपारी आप्पा रानात आणि माय जरा आडवी झालेली असे, तेव्हा नदीवर पाणी पाजायच्या निमित्ताने मी मैनेला न्यायची. मैना ही त्या वर्षीची घोडी, कुमाईत, म्हणजे काळसर तांबड्या रंगाची, कपाळावर बोटाएवढा पांढरा डाग, आणि डोकं असं तल्लख की एकदा शिकलेलं ती विसरत नसे. नदीच्या वळणापलीकडे रुंद वाळू होती, तिथे कोणी येत नसे. तोंडाने मोठ्याने सांगायची मला भीती, आवाज पैल काठी जायचा. मग मी एक मुका मार्ग काढला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, जिथे बांधतात त्याच्या जरा मागे टाच दाबायची आणि ती पळाली की मानेवर थोपटून गूळ द्यायचा. चार दिवसांत मैना शिकली. टाच लागली रे लागली की ती चौखूर उधळायची, आणि वाळवंट माझ्या दोन्ही कानांजवळून मागे जायचं. इतकं सुख मला नंतर क्वचितच मिळालं, आणि ते चोरीचं होतं म्हणून कमी झालं नाही, हे या वयात कबूल करायला हरकत नाही.

त्याच दिवसांत माली पाटलांचा बसवंत आमच्याकडे आला. विशीचा, भला उंच माणूस, कुस्तीत नाव असलेला, आणि घोडं बघितलं की घाम फुटणारा. लहानपणी रिकिबीत पाय अडकून घोड्याने त्याला फरफटत नेलं होतं. आता त्याचं लग्न ठरलेलं. त्यांच्या घराण्यात नवरदेव मुलीच्या गावच्या शिवेवरून मारुतीच्या देवळापर्यंत घोड्यावरच जायचा, पुढे ताशे, वर बंदुकीचे बार, आणि दोन्ही बाजूंना मुलीकडचे लोक त्याचा पाय कधी थरथरतो हे बघत उभे. पायी गेलेला किंवा गाडीतून आलेला नवरदेव म्हणजे दोन पिढ्यांना पुरेल इतकं हसू. पाटलांनी मैना पसंत केली, घोडी त्यांची झाली, आणि आप्पांना सांगितलं, दोन महिन्यांत पोराला हिच्यावर बसता आलं पाहिजे.

आप्पांनी पहिले पंधरा दिवस त्याला खोगिरालाही हात लावू दिला नाही. शेण काढ, खरारा कर, चंदी दे, मोहरकी धरून नदीपर्यंत चालत जा आणि चालत ये. बसवंत चेष्टेखोर होता, स्वतःचीच चेष्टा करायचा. "नागू," मला म्हणायचा, "ही घोडी मला बघून हसायलीय बघ." मी म्हणायची, "हसंना का, हसणारं जनावर चावत न्हाई." पाटील मधूनच घोड्यावर बसून बघायला येत आणि वैतागून जात. "गुरूजी, पोरगं घोड्यावर बसायला आलंय का घोड्याची चाकरी करायला?" त्यावर आप्पा म्हणाले, "मालक, भीती घोड्याची न्हाई त्याला. घोडं कवा काय करंल हे कळत न्हाई, त्याची हाय. त्ये कळू द्या."

माझ्या नातीला तिच्या बापाने स्कूटी शिकवली तेव्हा मी ओट्यावर बसून बघत होते. तो मागे धावत एकाच दमात ओरडत होता, ब्रेक दाब, गॅस दे, समोर बघ, पाय वर घे. पोरगी कोपऱ्यावरच्या गिरणीत शिरली. मला आप्पांची आठवण आली आणि हसूही आलं, पण पोराला काही बोलले नाही. त्याला राग लवकर येतो.

सोळाव्या दिवशी आप्पांनी बसवंतला मैनेवर बसवलं. मी अंगणात जोंधळे पाखडत होते. तो बसला, आप्पांनी तोंडाने चाल म्हटलं, मैना चार पावलं चालली. बसवंतने भीतीने पाय आवळले. त्याच्या दोन्ही टाचा तंगामागे, अगदी त्याच जागी, घट्ट बसल्या. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मैना उधळली. तिने कुंपणाची काटेरी फांदी ओलांडली, बसवंतने दोन्ही हातांनी लगाम आवळला, पाय आणखी आवळले, म्हणजे थांबायची खूण एकही नाही, पळायची मात्र पुन्हा पुन्हा, आणि ओढ्याच्या उतारावर तो पडला. खांदा निखळला. मैना थोडं पुढे जाऊन लगाम लोंबत होता म्हणून आपल्या शिकवणीप्रमाणे थांबली, आणि मागे वळून बघत राहिली.

मी कुणाला काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही.

आप्पांनी मैनेचं सगळं तपासलं. पाठीवर फोड आहे का, तंगाला काटा आहे का, तोंडात जखम, कानात गोचीड. मग स्वतः बसले. सकाळ-संध्याकाळ बसले. मैना लोण्यासारखी चालली, कारण आप्पा टाच लावतच नसत. त्यांना काही सापडेना. पाटील आले ते तापूनच. "ऐबी घोडी गळ्यात बांधलीस माझ्या. सोमवारी डागणाऱ्याला बोलावलाव. दोन्ही फऱ्यांवर डाग दिले की ऐब निघतीय का न्हाई बघू." तापलेल्या लोखंडाने घोड्याची खोड जाते असं तेव्हा लोक मानत. खोड जायची नाही. घोडं माणसाचा हात बघून थरथरायचं तेवढं. आप्पांच्या हातून गेलेल्या एकाही घोड्याला आजवर डाग लागलेला नव्हता. तरी ते पाटलांना उलट बोलले नाहीत. त्या दुपारी जेवायला बसले, अंबाडीची भाजी, भाकरी, वर करडईचं तेल, आणि भाकरीचा एक तुकडा मोडून तसेच बसून राहिले. मग मायला म्हणाले, आणि नवल म्हणजे मायकडे बघून म्हणाले, "माझंच कायतरी चुकायलंय. आता कुणाची घोडी शिकवाय घेऊ नये म्या." भाकरी ताटातच वाळली.

मी का गप्प होते? मार मिळेल म्हणून नाही. आप्पांनी आयुष्यात कुणावर हात टाकला नव्हता. मला वाटत होतं, मी सांगितलं की नदीवरची ती वाळू गेली. ती तर तशीही गेली होती. पण चौदाव्या वर्षी माणूस गेलेली वस्तूही मुठीत धरून बसतं.

सोमवारी सकाळी अंगणात गोवऱ्यांचा जाळ केला. डागणारा दोन सळया त्यात खोचून बिडी ओढत बसला. पाटील खाटेवर, बसवंत हात गळ्यात बांधून त्यांच्यामागे उभा. मैनेचे चारी पाय दोराने बांधायला दोन गडी पुढे झाले, तर तिने शहाण्यासारखा एक पाय आपणहून उचलून त्यांच्या हातात दिला. खरारा करताना आप्पांनी तसं शिकवलं होतं. तिला वाटलं खूर साफ करायलेत. ते मला बघवलं नाही.

"तिला ऐब न्हाई," मी म्हणाले. "म्या शिकिवलंय तिला."

पाटील हसले. "घोडीची लईच माया दिसतीय पोरीला. खोटं बोलायलीय."

"खोटं न्हाई. टाच लागली की पळायचं, आसं म्या शिकिवलंय. नदीवर. रोज दुपारी."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही, पण ती कशी ताठ ठेवली हे माझं मला ठाऊक. ते उठले, गड्यांना बाजूला केलं, पायातले दोर सोडले, लगाम चढवला आणि तो माझ्या हातात दिला. ओसरीवरून माय म्हणाली, "आवो, चार माणसं हायीत, उदगीरकरांच्या कानावर गेलं तर..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी मैनेवर होते.

मी तिला तोंडाने चालवलं. चालली. वळवलं, वळली. पाटलांच्या खाटेसमोरून सावकाश दोनदा नेली आणि मग टाच दाबली. ती सुटली. कुंपण, ओढा, जोंधळ्याच्या धसकटांचा तुकडा, माझा पदर कुठे गेला ते कळलं नाही. चिंचेपाशी वळवून परत आणली, पुन्हा टाच लावली, आणि पुऱ्या वेगात अंगणाच्या तोंडाशी आल्यावर हातातला लगाम सोडून दिला. मैना पुढचे पाय रोवून थांबली. धूळ पाटलांच्या पागोट्यावर बसली.

आधी बोलला तो बसवंत. "म्हंजे," तो म्हणाला, "त्या दिशी म्याच तिला पळ म्हनलो व्हतो."

"व्हय," आप्पा म्हणाले.

"आन् तिनं ऐकलं माझं."

"व्हय."

बसवंत पुढे आला आणि चांगला असलेला हात मैनेच्या मानेवर ठेवला. आजवर सगळी घोडी आपल्या मनाला येईल ते करतात असंच त्याला वाटत आलं होतं. एका घोडीने आपलं ऐकलं होतं, आपण चुकीचं सांगितलं तरी ऐकलं होतं, हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा जो ताण गेला तो मी पाहिला. पाटील खाटेवरून उठत म्हणाले, "मग डाग कुणाला द्यायचा, गुरूजी? तुमच्या पोरीला?" पण सळया त्यांनीच पाण्यात टाकायला लावल्या.

मला शिक्षा झाली नाही, काम लागलं. "तू लिवलंस, तूच पूस," एवढंच आप्पा म्हणाले. एखादी गोष्ट शिकवायला चार दिवस लागले तर विसरायला लावायला चाळीस लागतात, हे मला तेव्हा कळलं. मैनेवर बसायचं, टाच लावायची, ती उसळली की लगाम सोडायचा, ती शांत झाली की पुन्हा टाच लावायची. गूळ नाही, ओरडणं नाही. बिचारी गोंधळायची. कान मागे-पुढे करायची, जणू विचारतेय, काल बरोबर होतं ते आज चूक कसं? मला तिच्यापुढे खरंच लाज वाटायची. आठव्या दिवशी मी चिडून लगामाला हिसडा दिला, तर आप्पांनी मला उतरायला लावलं आणि दिवसभर दोघींनाही चरू दिलं, म्हणजे मला नुसतं बांधावर बसवून ठेवलं. खांदा बरा झाल्यावर बसवंतही आला. त्याला मी शिकवायची आणि आप्पा मला. एकदा त्याला शिकवताना मी चार गोष्टी एकदम ओरडले. बसवंत थांबून म्हणाला, "नागू, यातली पयली कोणची करू?" तेव्हापासून मी तोंड आवरलं. सगळ्यांना सांगत आले आहे की मी लहानपणापासून कमी बोलते. खरं तर त्या दिवसापासून.

लग्नाला आम्ही गेलो. शिवेवर ताशे लागले, बंदुकीचा बार उडाला, मैना दचकून बाजूला सरकली आणि बसवंतचे पाय आवळले गेले ते मी गर्दीतून बघितलं. टाचा बरोबर तंगामागे. मैनेने कान हलवले आणि उभी राहिली. चारी बाजूंनी लोक ओरडत होते, "वढ, लगाम वढ." बसवंतने ओढला नाही. सैल सोडला, तिला जरा उभं राहू दिलं, मग अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि ती मारुतीकडे चालू लागली. मुलीकडच्यांची थोडी निराशाच झाली, बघण्यासारखं काही झालं नाही म्हणून. एक म्हातारा म्हणाला, घोडी म्हातारी दिसतीय.

मैना तिथेच राहिली, बसवंतकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणं आटोपून मी आणि आप्पा पायी परत निघालो. माय आधीच बायकांच्या गाडीतून गेली होती. निम्मी वाट सरली. महिना-सव्वा महिना त्यांनी त्या विषयावर मला एकही प्रश्न विचारला नव्हता. मला वाटलं होतं, विषय संपला.

"नागू," ते म्हणाले, "त्या घोडीला समदं सांगितलीस. मला कामून न्हाई सांगितलीस? बसावं वाटतंय म्हणून?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं की तिथेच सुचलं, आजही सांगता येत नाही. "तुमी घोड्यांचं ऐकता, आप्पा."

ते थांबले. मला वाटलं आता मात्र चिडले. पण ते वाटेच्या कडेला एका दगडावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे, दुसरीकडे कुठेही नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं. आता सांग."

मी सांगितलं. वाळवंटाचं सांगितलं, मोहरकीवरून हात काढायला लावला त्या सकाळचं सांगितलं, सूप हातात घेऊन मी तीन दिवस काय विचार केला ते सांगितलं. उदगीरचा मुलगा बघायला आला तेव्हा त्याने आमच्या सगळ्यांत गरीब तट्टाला उगाच काठी मारली होती, तेही सांगितलं. ते फक्त मीच बघितलं होतं. बोलताना मी रडले, मग रडणं संपलं तरी बोलत राहिले. आप्पांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. ऊन चांगलंच वर आलं होतं.

मग त्यांनी पागोटं बांधलं आणि आम्ही उठलो. गावाच्या वेशीत शिरताना ते म्हणाले, "उदगीरकरांना उद्याच निरोप धाडतो. न्हाई जमायचं म्हणून."